कॉलेज ट्रॅक चॅम्पियनशिपमधली सगळ्यात मोठी कामगिरी कोणती? आधी वेळापत्रक बघा

प्रश्न असा आलाय: अमेरिकेतल्या कॉलेज ट्रॅक अँड फील्ड चॅम्पियनशिपच्या इतिहासात सगळ्यात लक्षात राहण्यासारखं काय झालंय, जेसी ओवेन्सच्या त्या ४५ मिनिटांचं इतकं नाव का घेतात, आणि आपल्या भारतीय मुलांनी तिथे काही केलंय का. मी बरीच वर्षं विद्यापीठाच्या मुलामुलींना स्प्रिंट्स, हर्डल्स आणि रिले शिकवते, त्यामुळे उत्तर कोचच्या नजरेतून येणार आणि लांबणार हे आधीच सांगते.

सरळ उत्तर हवं असेल तर पहिला नंबर ओवेन्सचाच, त्याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही. त्याच्या खालोखाल मी २०१८ ची यूजीनची मुलींची ४ बाय ४०० रिले ठेवते. पण हे दोन का, हे समजायला कॉलेज मीट कशी चालते ते माहीत पाहिजे. ऑलिम्पिकला माणूस एक इव्हेंट धरून चार चार वर्षं तयारी करतो, तिथे तो स्वतःच्या मेडलसाठी धावतो. कॉलेजमध्ये तसं नसतं, तिथे टीमचे पॉइंट असतात. पहिल्याला १०, मग ८, ६, ५, ४, ३, २ आणि आठव्याला १. कोच हिशोब करत बसतो की हा मुलगा १०० मध्ये १० देईल, ४०० मध्ये टाकला तर ६ तरी देईल, आणि दोन्ही रिलेत तर तो लागणारच. म्हणजे एकच पोरगा एका संध्याकाळी तीन-तीन, चार-चार वेळा स्टार्ट लाइनवर उभा. म्हणून मी कॉलेजची कामगिरी मोजते ती वेळापत्रकासकट. शर्यत किती वाजता होती, त्याआधी तो काय धावून आला होता, मधे किती मिनिटं मिळाली. नुसता टायमिंगचा आकडा बघितला तर अर्धी गोष्ट हातातून निसटते.

आता ओवेन्स. तारीख २५ मे १९३५, ठिकाण ॲन आर्बर, मिशिगन, मैदान फेरी फील्ड. एक गोष्ट बरेच जण चुकीची सांगतात, ही राष्ट्रीय चॅम्पियनशिप नव्हती, बिग टेन कॉन्फरन्सची मीट होती, म्हणजे आपल्याकडच्या झोनल मीटच्या पातळीची समजा. ओवेन्स ओहायो स्टेटचा. काही दिवस आधी तो जिन्यावरून पडला होता, पाठ इतकी दुखत होती की नीट वाकता येत नव्हतं. कोच लॅरी स्नायडर त्याला उतरवायला फारसे तयार नव्हते, तोच म्हणाला की १०० यार्ड धावून बघतो, मग ठरवू. सव्वातीन वाजता १०० यार्ड, ९.४ सेकंद, वर्ल्ड रेकॉर्डची बरोबरी. दहा मिनिटांनी लांब उडी. एकच उडी मारली, ८.१३ मीटर. तेव्हाचा रेकॉर्ड जपानच्या चुहेई नांबूचा ७.९८, म्हणजे एका उडीत १५ सेंटिमीटरची वाढ, आणि ही उडी १९६० च्या ऑगस्टमध्ये राल्फ बॉस्टनने मोडेपर्यंत २५ वर्षं टिकली. मग २२० यार्ड २०.३ मध्ये, आणि चार वाजता २२० यार्ड लो हर्डल्स (कमी उंचीचे अडथळे) २२.६ मध्ये, त्या इव्हेंटमध्ये २३ सेकंदांच्या आत येणारा तो पहिला. दोन्ही २२० सरळ ट्रॅकवर होते, वळण नव्हतं, त्यामुळे आजच्या २०० शी थेट तुलना करू नका. आणि २२० यार्ड हे २०० मीटरपेक्षा थोडं जास्त असल्यामुळे तीच वेळ २०० मीटरचा रेकॉर्ड म्हणूनही धरली गेली, म्हणून कुठे चार रेकॉर्ड लिहिलेले दिसतात, कुठे पाच-सहा.

हे ऐकून लोक म्हणतात वा, पण यात नेमकं अवघड काय ते सहसा कुणी सांगत नाही. मला विचाराल तर लांब उडी. स्प्रिंटनंतर दहा मिनिटांनी लांब उडी मारायला लावा कुठल्याही मुलाला, त्याचा रनअप चुकतो. रनअप हा सेंटिमीटरवर बसवलेला असतो, ठरलेली पावलं, ठरलेला चेकमार्क (धावायला सुरुवात कुठून करायची त्याची खूण), आणि पाय टेक-ऑफ बोर्डवर बरोबर पडला पाहिजे. शर्यत धावून आल्यावर अंगात जोश असतो म्हणून पहिली पावलं लांब पडतात, किंवा मांड्या जड झालेल्या असतात म्हणून शेवटची पावलं आखूड पडतात, दोन्हीकडून बोर्ड हुकतो. सहा उड्या असतील तर दुसऱ्या-तिसऱ्या उडीला चेकमार्क सरकवून दुरुस्त करता येतं. ओवेन्सने एकाच उडीत काम संपवलं, दुखऱ्या पाठीने, आणि लँडिंगला पाठीवर किती ताण येतो हे उडी मारणाऱ्या कुणालाही विचारा. शेवटी हर्डल्स ठेवलेले होते तेही वाईटच. दमलेल्या धावपटूचं पाऊल इंचा-इंचाने आखूड होतं, सपाट शर्यतीत ते खपतं, हर्डल्समध्ये नाही खपत, कारण मधलं अंतर ठरलेलं आहे. त्याने तिथे रेकॉर्ड केला म्हणजे चौथ्या इव्हेंटलाही त्याचं पाऊल मोडलं नव्हतं.

आणि राष्ट्रीय म्हणाल तर एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या चॅम्पियनशिपमध्ये त्याने १९३५ ला बर्कलीत चार आणि १९३६ ला शिकागोत चार अशी आठ टायटल्स घेतली. हा मुलगा विद्यापीठाच्या वसतिगृहात राहू शकत नव्हता कारण तो काळा होता, स्कॉलरशिप नव्हती, नोकरी करून शिकत होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकचं सगळ्यांना माहितीच आहे, पण बर्लिनची चार गोल्ड मेडल्स आठवडाभरात होती, ॲन आर्बरचं पाऊण तासात. कोच म्हणून मला विचाराल तर ॲन आर्बर मोठं.

एका मीटमध्ये चार टायटल्स हे पुन्हा व्हायला ७० वर्षं लागली. २००६, सॅक्रामेंटो, एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) झेवियर कार्टर. १०० मीटर १०.०९, ४०० मीटर ४४.५३, आणि दोन्ही रिले. लोकांना १०० आणि २०० ची जोडी माहीत असते, ती बरेच जण करतात, राल्फ मेटकाफने तर १९३२, ३३, ३४ अशी सलग तीन वर्षं दोन्ही स्प्रिंट्स जिंकल्या होत्या. पण १०० आणि ४०० ही जोडी जवळजवळ कुणी धरत नाही. शंभरचं सगळं इंजिन पहिल्या काही सेकंदांच्या साठवलेल्या ताकदीवर चालतं, चारशेत शेवटचे ऐंशी-शंभर मीटर लॅक्टिक ॲसिडने पाय दगड झालेले असतात. एकाच सीझनमध्ये दोन्हीची ट्रेनिंग बसवायची म्हणजे एकाचं वाढवलं की दुसऱ्याचं कमी होणार हे ठरलेलं. कार्टरने ते एका मीटमध्ये जमवून दाखवलं, वर रिलेही.

लांब पल्ल्याच्या धावपटूंचं थोडक्यात सांगते, माझा विषय तो नाही. ओरेगॉनचा स्टीव्ह प्रीफॉन्टेन १९७० ते ७३ सलग चार वर्षं तीच शर्यत जिंकला (तीन वर्षं ३ मैल, १९७२ ला ५००० मीटर), पहिल्या वर्षी तर पायाला टाके घातलेले असताना. वॉशिंग्टन स्टेटचा केनियन हेन्री रोनो याने १९७८ मध्ये विद्यार्थी असताना ८१ दिवसांत चार वर्ल्ड रेकॉर्ड केले, ३०००, ५०००, १०,००० आणि ३००० स्टीपलचेस, चारही वेगवेगळ्या अंतरांवर किंवा प्रकारांत. केनियाने १९७६ आणि १९८० च्या ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला होता म्हणून हा माणूस ऑलिम्पिकला कधी धावलाच नाही, त्यामुळे आपल्याकडे त्याचं नाव कुणाला माहीत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. अलीकडच्यात ओरेगॉनचा एडवर्ड चेसेरेक, इनडोअर, आउटडोअर, क्रॉसकंट्री मिळून १७ टायटल्स.

आता एक गोष्ट जी अशा याद्यांमध्ये कायम सुटते. एनसीएएची ट्रॅक चॅम्पियनशिप १९२१ ला शिकागोत सुरू झाली, कुठल्याही खेळात त्या संघटनेने भरवलेली ती पहिली चॅम्पियनशिप. मुलींची कधी? १९८२, प्रोव्हो, युटा. मधली ६१ वर्षं मुलींना एनसीएएमध्ये जागाच नव्हती. विल्मा रुडॉल्फने १९६० ला रोममध्ये तीन गोल्ड घेतली तेव्हा ती टेनेसी स्टेटची विद्यार्थिनी होती, एड टेंपल तिचे कोच. त्याच टीमची वायोमिया टायस १९६४ आणि १९६८ दोन्ही ऑलिम्पिकला १०० मीटर जिंकली, असं करणारी जगातली पहिली व्यक्ती, पुरुषांतही आधी कुणी केलं नव्हतं. या मुलींच्या नावावर एनसीएए टायटल एकही नाही कारण मीटच नव्हती. तेव्हा 'इतिहासातली सर्वोत्तम कामगिरी' म्हणून रेकॉर्ड बुक उघडाल तेव्हा त्यात अर्धी पानं भरायची राहून गेलीत हे लक्षात ठेवा. १९८२ च्या त्या पहिल्या मीटला हेप्टॅथलॉन (सात इव्हेंटची स्पर्धा) कुणी जिंकली माहितीये? लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या जॅकी जॉयनरने, पुढे जिला जग जॅकी जॉयनर-कर्सी म्हणून ओळखायला लागलं.

आता माझ्या आवडीची रिले. यूजीन, ओरेगॉन, हेवर्ड फील्ड, ९ जून २०१८, शनिवार, भर पाऊस. मुलींची शेवटची इव्हेंट ४ बाय ४००. पॉइंट टेबलवर जॉर्जिया ५२, स्टॅनफर्ड ५१ आणि दोघींचं काम आटोपलेलं, यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) ४३ वर. यूएससी पहिली आली तर ४३ अधिक १० म्हणजे ५३, चॅम्पियन. दुसरी आली तर ५१, संपलं. म्हणजे दुसऱ्या नंबरला काही किंमतच नव्हती. कायरा कॉन्स्टंटाइन, ॲना कॉक्रेल, डियाना हिल आणि शेवटी केंडल एलिस. हिल आणि एलिसमधलं तिसरं एक्स्चेंज, म्हणजे बॅटन देणं-घेणं, बिघडलं. बॅटन नीट हातात येईना, दोघी अडखळल्या, वेग शून्यावर आल्यासारखा, आणि तोपर्यंत पुढच्या निघून गेल्या.

इथे जरा थांबते, कारण हे माझं रोजचं काम आहे. ४ बाय १०० मध्ये बॅटन न बघता घेतात, ठरलेल्या मार्कवरून पळत सुटायचं आणि हात मागे. ४ बाय ४०० मध्ये बघून घेतात, कारण येणारी मुलगी ४०० मीटर धावून आलेली असते, शेवटच्या दहा मीटरमध्ये तिचा वेग किती पडेल याचा नेम नसतो. घेणारीने मागे बघत, येणारीच्या वेगाचा अंदाज घेत, स्वतःचा वेग वाढवायचा आणि बॅटन अक्षरशः तिच्या हातातून काढून घ्यायची. पावसात बॅटन बुळबुळीत, झोनमध्ये दाटी, कुणाचा तरी कोपर मधे. त्यामुळे हे होतं, चांगल्या चांगल्या टीमचं होतं. आणि असं झालं की शंभरातल्या नव्वद मुली एकच करतात, पहिल्या २०० मध्ये सगळं अंतर भरून काढायला जातात, ३०० ला पाय संपतात.

एलिसचा तो लॅप परत परत बघा, मी माझ्या रिलेच्या मुलींना दाखवतेच. ती घाबरून सुटत नाही. बॅकस्ट्रेचला अंतर इतकं आहे की टीव्हीवर कॉमेंट्री करणाऱ्यांनी यूएससीची आशा सोडलेली. शेवटच्या बेंडला ती ओरेगॉनच्या आणि पर्ड्यूच्या मुलींच्या मागे तिसरी आहे. होम स्ट्रेचला पुढच्या दोघींचे खांदे वर चढलेत, गुडघे खाली आलेत, आणि हिचे गुडघे अजून उचलले जातायत, सगळा फरक तिथे आहे. आधी एक गाठली, मग लाइनवर पर्ड्यू. ३:२७.०६ विरुद्ध ३:२७.१३. सात शतांश सेकंद, आणि त्या सात शतांशांत आख्खी चॅम्पियनशिप. तिचा लॅप ५०.०५ चा, हा आकडा वाचताना लक्षात घ्या की सुरुवात जवळजवळ उभ्याने झाली होती. त्या टीमच्या कोच कॅरल स्मिथ गिल्बर्ट, आणि पुढे त्या त्याच जॉर्जियाच्या कोच झाल्या.

त्याच मीटला आदल्या दिवशी मुलांमध्ये मायकेल नॉर्मन ४०० मध्ये ४३.६१ धावला, राय बेंजामिन ४०० हर्डल्स ४७.०२. दोघेही यूएससीचेच, दोघांनीही कॉलेज रेकॉर्ड केले. आणि मीट संपल्यावर हेवर्डचा जुना लाकडी स्टँड पाडून तिथे नवीन स्टेडियम बांधलं.

२०१९ ऑस्टिनही सोडवत नाही. एलएसयूची शा'कॅरी रिचर्डसन, वय १९, १०० मीटर १०.७५, आणि तासाभराच्या आत २०० मध्ये २२.१७, दोन्ही २० वर्षांखालचे वर्ल्ड रेकॉर्ड, आणि तरी २०० ती हरली, एका शतांशाने, अँजी अनेलसकडून. मुलांमध्ये ग्रँट होलोवे ११० हर्डल्स १२.९८, रेनाल्डो नेहेमायाचा १९७९ चा १३.०० चा कॉलेज रेकॉर्ड ४० वर्षांनी मोडला, आणि तोही नंतर ४ बाय ४०० धावला. त्याच मीटला पोल व्हॉल्टमध्ये मोंडो डुप्लांटिस दुसरा आला, साउथ डकोटाच्या ख्रिस नीलसनने ५.९५ मारून त्याला हरवलं. आज डुप्लांटिस हरतो हे कुणाला खरं वाटत नाही, पण कॉलेज मीटमध्ये तो हरलाय.

आता आपली मुलं. तीन नावं सांगते, तिघांनी एनसीएएच्या सगळ्यात वरच्या गटाची (डिव्हिजन वन) आउटडोअर चॅम्पियनशिप जिंकलीय आणि तिन्ही वेळा त्या मीटची बातमी दुसऱ्याच कुणाची झाली. पहिला मोहिंदर सिंग गिल, कॅल पॉली, तिहेरी उडी, १९७० आणि १९७१. सत्तरची मीट डे मॉइनला झाली, तीच जिथे प्रीफॉन्टेन टाके घेऊन धावला. त्याच वर्षी गिलने बँकॉक एशियन गेम्सचं गोल्डही घेतलं. दुसरा विकास गौडा, मूळचा म्हैसूरचा, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ, थाळीफेक, २००६. सॅक्रामेंटोच, कार्टरची मीट. पुढे २०१४ ला ग्लासगो कॉमनवेल्थचं गोल्ड. आणि तिसरा दिल्लीचा तेजस्विन शंकर, कॅन्सस स्टेट, उंच उडी, २०१८, म्हणजे एलिसच्या आदल्या दिवशी, त्याच यूजीनला, ओल्या एप्रनवर (उंच उडीच्या रनअपची जागा). २.२४ मीटर. आकडा साधा वाटेल, त्याने त्याच वर्षी एप्रिलमध्ये २.२९ चा राष्ट्रीय विक्रम केला होता. पण उंच उडीचा रनअप शेवटी वळणावर असतो, शेवटची चार-पाच पावलं शरीर आत झुकवून, आणि जमीन ओली असली की झुकायची भीती वाटते, झुकलं नाही तर उंची मिळत नाही. पावसात २.२४ वर जिंकणं हे कोरड्या दिवशीच्या २.२९ पेक्षा मला कमी वाटत नाही.

तेजस्विन २०२२ ला परत जिंकला, २.२७ ने. त्याच सुमारास आपल्याकडे आंतरराज्य स्पर्धा होती, तो तिथे नव्हता म्हणून कॉमनवेल्थच्या टीममध्ये त्याचं नाव आलं नाही, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, शेवटी तो बर्मिंगहॅमला पोचला आणि २.२२ ने ब्राँझ आणलं, कॉमनवेल्थमध्ये उंच उडीत भारताचं पहिलं मेडल. आणि पुढच्या वर्षी हांगझो एशियन गेम्सला हा मुलगा चक्क डेकॅथलॉनमध्ये (दोन दिवसांत दहा इव्हेंट) सिल्व्हर घेऊन आला, ७६६६ पॉइंट, राष्ट्रीय विक्रम. कॉलेज मीटमध्ये टीमसाठी अनेक इव्हेंट करायची जी सवय लागते ती किती उपयोगी पडते याचं मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही. आपल्याकडे पोरगा उंच उडीत चमकला की त्याला बाकी कशाला हात लावू देत नाहीत.

तुमच्यातले जे स्वतः खेळतात, अश्वमेधला किंवा अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला दोन-तीन इव्हेंट करणारे, त्यांना यातून कामाचं सांगते. वेळापत्रक हातात आलं की पहिल्यांदा दोन इव्हेंटमधली मिनिटं मोजा, आणि कॉल रूमच्या (शर्यतीआधी खेळाडूंनी हजेरी लावायची जागा) रिपोर्टिंगची वेळ त्यातून वजा करा, खरी विश्रांती बहुतेक वेळा निम्मीच उरते. शर्यत झाली की लगेच खाली बसू नका, चालत राहा, सावलीत जा, घोट घोट पाणी, थोडं गोड. लांब उडी आणि स्प्रिंट एकत्र आलं तर जजला आधी सांगून ठेवा, त्या राउंडमध्ये तुमचा क्रम मागेपुढे करायला परवानगी मिळू शकते, न सांगता गेलात आणि नाव पुकारलं तर तो प्रयत्न पास धरला जाईल. परत आल्यावर चेकमार्क सकाळचाच आहे असं समजू नका, एक मोकळा रनअप घेऊन बघा. आणि रिलेवाल्यांनो, एक्स्चेंजची प्रॅक्टिस ताज्या पायांनी करून काही उपयोग नाही, येणारीला आधी ३०० धावायला लावा आणि मग बॅटन द्यायला सांगा.

अलीकडचं एखादं नाव ओवेन्सच्या शेजारी ठेवायचं झालं तर माझं मत टेक्सासच्या लिओ नॉयगेबाउअरला. २०२४, पुन्हा यूजीन, दोन दिवसांत दहा इव्हेंट, ८९६१ पॉइंट, कॉलेज रेकॉर्ड आणि जर्मनीचाही राष्ट्रीय विक्रम. दोनच महिन्यांनी पॅरिसला त्याने ऑलिम्पिक सिल्व्हर घेतलं आणि २०२५ ला टोकियोत वर्ल्ड चॅम्पियन झाला. त्याचे दहाच्या दहा इव्हेंट बघायला वेळ नसेल तर डेकॅथलॉनची शेवटची १५०० मीटर तेवढी बघा, नऊ इव्हेंट अंगावर घेऊन ही मुलं ती कशी धावतात ते.